कोड घ्या, नाव देऊ नका

पत्र:

«नमस्कार,

गेली अकरा वर्षं मी एका ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) बॅकअप प्रणालीची मेंटेनर, म्हणजे सांभाळ करणारी, आहे. सुरुवात एकटीने केली. आज आम्ही सहा जण मुख्य मेंटेनर आहोत आणि सगळेच नोकरी सांभाळून हे काम करतो. किती लोक वापरतात ते नक्की सांगता येत नाही, पण बग नोंदवणाऱ्यांत रुग्णालयं असतात, ग्रंथालयं असतात, संशोधन करणारे गट असतात.

दोन महिन्यांपूर्वी एका कंपनीचा प्रस्ताव आला. त्यांनी स्वतःसाठी अशीच प्रणाली लिहिली होती. ते उत्पादन आता बंद होतंय, म्हणून सगळा कोड आम्हाला देणगी देऊ म्हणतात. मी मन घट्ट करून तो वाचला. वेगवान आहे, टेस्ट भरपूर आहेत, डॉक्युमेंटेशन नीट आहे. खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा चांगला लिहिलेला आहे. सोबत चार पूर्णवेळ इंजिनिअर देऊ म्हणतात. अट एकच: आमची पाचवी आवृत्ती म्हणजे त्यांचा कोड. नाव आमचं राहील, आमचा आजचा कोड 'देखभालीपुरता' राहील.

आमच्यात दोन तट पडलेत. दोघं म्हणतात, अशी संधी पुन्हा येणार नाही. एक जण म्हणतो, असं झालं तर मी जुना कोड घेऊन फोर्क, म्हणजे वेगळा प्रकल्प, काढीन. बाकीचे माझ्या तोंडाकडे बघतात. महिनाअखेरीला उत्तर द्यायचंय आणि मला रात्र रात्र झोप लागत नाही. मी 'नाही' म्हटलं तर ते प्रकल्पासाठी असेल की माझ्या अहंकारासाठी, हेच मला कळेनासं झालंय.

एक मेंटेनर»

उत्तर:

सप्रेम नमस्कार,

तुम्हाला महिनाअखेरीला उत्तर द्यायचंय, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. कोड घ्या. अट नाकारा. पाचव्या आवृत्तीचा आकडा आणि प्रकल्पाचं नाव तुमच्याकडेच ठेवा, आणि देणगीतल्या कोडला त्याच्या स्वतःच्या नावाने, १.० पासून, तुमच्याच छपराखाली उभं राहू द्या. तो पुढे तुमच्या कोडची जागा घेईलही कदाचित. पण ती जागा त्याने कमवावी. करारात लिहून आणू नये.

हा प्रस्ताव एक गाठोडं आहे. त्यात कोड आहे, माणसं आहेत आणि तुमच्या नावावर लोकांनी टाकलेला विश्वास आहे. कंपनीने तिन्हींना एकच गाठ मारून ठेवलीय, आणि तुमची झोप उडालीय ती त्या गाठीमुळे. कोड चांगला आहे हे तुम्ही स्वतः कबूल करता, त्यामुळे 'नाही' म्हणताना अपराधी वाटतं. 'हो' म्हणावं तर नावही जातं. गाठ सोडा आणि प्रत्येक गोष्टीला वेगळं उत्तर द्या.

हे असं पूर्वी घडलेलं आहे. अपाचे या ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली ॲक्टिव्हएमक्यू नावाचा संदेश पोचवणारा सर्व्हर आहे. एका प्रोग्रॅमने टाकलेला निरोप न हरवता दुसऱ्या प्रोग्रॅमपर्यंत नेणं हे त्याचं काम. २०१४ साली रेड हॅट या कंपनीचा हॉर्नेटक्यू हा त्याच जातीचा सर्व्हर या प्रकल्पाला देणगी म्हणून मिळाला. गाभा नव्या पद्धतीचा, वेगवान. बेत असा होता की हाच कोड ॲक्टिव्हएमक्यूची सहावी आवृत्ती म्हणून बाहेर पडेल. ५ च्या मालिकेवर लोकांची कामं चालू होती, आणि तिच्यावर राबणाऱ्यांतल्या काहींनी हरकत घेतली: लोक ६ हा आकडा बघून ५ च्या पुढची पायरी समजतील, आणि आत निघेल वेगळाच सर्व्हर. वाद चांगलाच तापला. अखेर २०१५ मध्ये तो कोड आर्टेमिस या वेगळ्या नावाने, १.० या आकड्याने, ॲक्टिव्हएमक्यूचाच एक उपप्रकल्प म्हणून बाहेर आला. सर्व्हरला जोडणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमना त्याच्याशी बोलता यावं म्हणून ॲक्टिव्हएमक्यूचा ओपनवायर हा प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याची ठरलेली रीत, त्यात घातला गेला. जुनी मालिका पुढे 'क्लासिक' म्हणून चालत राहिली.

आणि सहावी आवृत्ती? ती आली नोव्हेंबर २०२३ मध्ये, जुन्याच कोडच्या वंशातून. ज्या कोडची जागा घ्यायचं नऊ वर्षांपूर्वी घाटत होतं, त्यानेच तो आकडा मिळवला. आर्टेमिसही दणकट वाढला. दोन्ही जगले, आणि ज्याला जे हवं ते त्याने निवडलं. २०१४ मध्ये करारावर सही करून एकाला 'देखभालीपुरता' ठरवलं असतं, तर ही निवड वापरणाऱ्यांच्या हातून गेली असती.

आता दुसरी बाजू. ती नाही सांगितली तर मी तुम्हाला फक्त तुमच्या मनासारखं सांगतेय असं होईल. काही वेळा कोड मुळापासून बदलणं हाच योग्य निर्णय असतो. १९९५ च्या सुरुवातीला अपाचे वेब सर्व्हर (वेबची पानं पुरवणारा प्रोग्रॅम) म्हणजे एनसीएसए या अमेरिकी संशोधन केंद्राच्या सर्व्हरवर लावलेली ठिगळं होती. त्याच गटातल्या रॉबर्ट थाऊ यांनी 'शंभाला' या टोपणनावाने नवी रचना मांडली: मॉड्यूल, म्हणजे सुटे भाग, वेगळे काढलेले, मेमरीची व्यवस्था नव्याने बसवलेली. जुलैमध्ये गटाने तो पाया स्वीकारला, ०.७ मधल्या सुविधा त्यावर आणल्या, ऑगस्टमध्ये ०.८.८ काढली आणि १ डिसेंबरला १.०. पुढे वर्षानुवर्षं वेबचा मोठा भाग त्या पायावर चालला.

वेबपानं बनवायच्या पीएचपी या भाषेची गोष्टही तशीच. १९९७ साली अँडी गटमन्स आणि झीव सुरास्की या दोन विद्यार्थ्यांना त्यांच्या विद्यापीठातल्या कामासाठी पीएचपी/एफआय २ ही तेव्हाची आवृत्ती तोकडी पडली. त्यांनी पार्सर, म्हणजे कोड वाचून समजून घेणारा भाग, नव्याने लिहिला. मूळ कर्ते रॅस्मस लेरडॉर्फ यांच्याशी त्यांचं बोलणं झालं, आणि जून १९९८ मध्ये तोच कोड पीएचपी ३ म्हणून आला. बाहेरच्या दोघांचा कोड, मूळ नाव, मोठा आकडा. वरवर बघता तुमच्या कंपनीला हवंय ते हेच.

तरीही या दोन गोष्टी आणि तुमची गोष्ट एक नाही. थाऊ आधीपासून गटातलेच होते. गटमन्स आणि सुरास्की बाहेरचे असले तरी कोड टाकून निघून गेले नाहीत. पीएचपी ४ चा गाभाही त्यांनीच लिहिला. लिहिणारे कोडसोबत आले आणि राहिले. शिवाय दोन्हीकडे प्रकल्प कोवळे होते, मागे ओढायचं ओझं हलकं होतं. तुमच्या मागे अकरा वर्षांचे बॅकअप आहेत.

आणि बॅकअप हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. वेब सर्व्हर बदलला आणि बिघडला तर पान उघडत नाही, लोक ओरडतात, तुम्ही दुरुस्त करता. बॅकअपची प्रणाली बिघडली तर कुणी ओरडत नाही. रोज रात्री 'यशस्वी' अशी ओळ लॉगमध्ये उमटत राहते. चूक कळते ती कुणाची तरी डिस्क गेल्यावर, आणि तेव्हा दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

तुम्ही म्हणता त्यांचा कोड तुमच्यापेक्षा चांगला लिहिलेला आहे. मी तुमच्यावर विश्वास ठेवते. पण तुमच्या कोडमधल्या सगळ्यात कुरूप फाइली एकदा उघडा आणि तिथली प्रत्येक विचित्र अट कशासाठी आली ते आठवा. फॅट पद्धतीच्या डिस्कवर फाइल बदलल्याची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत नोंदली जाते. हे ज्याला माहीत नाही तो प्रोग्रॅम तिथल्या न बदललेल्या फाइलीही बदललेल्या समजत राहतो. ॲपलच्या एचएफएस प्लस या जुन्या डिस्क-पद्धतीवर उच्चारचिन्ह असलेलं अक्षर मूळ अक्षर आणि चिन्ह असं फोडून साठवतात, बाकी ठिकाणी ते बहुधा जोडून येतं. डोळ्यांना नाव तेच दिसतं, बाइट मात्र वेगळे. लिनक्सवर फाइलच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही असू शकतं, युनिकोड या अक्षरसंकेतात न बसणारे बाइटसुद्धा. मधे पोकळ्या असलेली फाइल असते, दिसायला शंभर जीबी आणि डिस्कवर काही एमबी. ती भाबडेपणाने परत आणली तर समोरची डिस्क भरून जाते. एकाच फाइलला दोन नावं देणारे हार्ड लिंक असतात; ते ओळखले नाहीत तर परत आणताना एकाच्या दोन फाइली होतात आणि त्यानंतर त्या हळूहळू एकमेकींपासून दुरावतात. बॅकअप चालू असतानाच फाइल बदलते. नेटवर्क मधेच तुटतं. जागा शेवटच्या टप्प्यात संपते, आणि तेव्हा अर्धवट लिहिलेला निर्देशांक (कुठली फाइल कुठे आहे त्याची यादी) आधीच्या चांगल्या प्रतीलाही वाचता न येण्यासारखा करून जातो.

यातली प्रत्येक अट तुमच्या कोडमध्ये कुणाचं तरी नुकसान झाल्यावर आली असणार. कुणीतरी कळवळून बग नोंदवला, तुमच्यापैकी कुणीतरी रात्री बसून तो सोडवला, आणि सुबक फंक्शनमध्ये एक बेढब ओळ घुसली. नवा कोड सुबक दिसतो त्याचं एक कारण लिहिणाऱ्यांचं कसब, आणि दुसरं कारण असं की त्याला अजून ही माणसं भेटलेली नाहीत. एका कंपनीच्या एकाच प्रकारच्या सर्व्हरवर तो चालला. तुमचा कोड अनोळखी यंत्रांवर चाललाय. म्हणून दोन्ही कोड शेजारी ठेवून 'कुठला चांगला लिहिलाय' हा प्रश्न विचारू नका. 'आपल्या बग-यादीतल्या कुठल्या प्रसंगांत त्यांचा कोड टिकतो' हे विचारा. तुमची बंद झालेल्या बगांची यादी तुमच्या कोडपेक्षाही मोलाची आहे, आणि ती कंपनीकडे नाही.

एक अनुभव सांगते. बरीच वर्षं झाली. मी ज्या प्रकल्पात होते तिथे एका कंपनीने एक मोठं मॉड्यूल दिलं. आमच्यापेक्षा सरस होतं, म्हणून आम्ही आमचं काढलं आणि त्यांचं बसवलं. मतदान झालं, मीही हो म्हटलं होतं. कोड आला तो एकाच कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या एकाच नोंदीत, मागचा सगळा इतिहास पुसून. त्यात अंतर्गत माहिती आहे, ती बाहेर देता येत नाही, असं कारण दिलं गेलं आणि आम्हाला ते पटलं. पहिले काही महिने त्यांचे इंजिनिअर उत्साहाने उत्तरं द्यायचे. मग त्यांना दुसऱ्या कामावर घेतलं. त्यात त्यांचा दोष नव्हता, कंपनीचं प्राधान्य बदललं. त्यानंतर एके दिवशी एक बग आला, आणि एक ठरावीक मर्यादा तिथे का घातलीय हे आमच्यातल्या कुणालाही सांगता येईना. इतिहास नव्हता, लिहिणारे नव्हते, आमचं जुनं मॉड्यूल वर्षभर न वापरल्यामुळे चालत नव्हतं. तो बग सोडवायला आम्हाला जितके दिवस लागले त्याची मला आजही खंत आहे, कारण त्या दिवसांत काही लोकांचा डेटा चुकीचा लिहिला जात होता. कोड आमच्याकडे होता. तो समजणारं डोकं आमच्याकडे नव्हतं.

म्हणून त्या चार इंजिनिअरांबद्दल बोलू. त्यांच्यापैकी किती जणांनी हा कोड मुळात लिहिलाय? किती काळासाठी येणार? त्यांचं वर्षाचं मूल्यमापन कोण करणार, आणि त्यात तुमच्या प्रकल्पाचं काम धरलं जाणार का? हे सरळ विचारा, यात उद्धटपणा काही नाही. मुख्य म्हणजे, जे उत्पादन कंपनी बंद करतेय त्याच्यावर चार माणसांचा पगार ती का खर्च करणार आहे? याला प्रामाणिक उत्तर असू शकतं: त्यांचे जुने ग्राहक असतील, त्यांना अधांतरी सोडायचं नसेल. तसं असेल तर चांगलंच आहे, पण मग त्या ग्राहकांची सोय झाल्यावर काय हेही विचारून ठेवा. आणि कमिटचा अधिकार माणसाला द्या, कंपनीच्या वाट्याला चार जागा म्हणून देऊ नका. तुमच्याकडे नव्याने येणाऱ्याला जो काळ आणि जी पारख लागते तीच त्यांनाही लागू द्या. त्यांच्यातला एखादा पुढे ती कंपनी सोडूनही तुमच्याकडे टिकला, तर या सगळ्या व्यवहारातली ती सगळ्यात मोठी कमाई असेल.

कायद्याचं थोडक्यात सांगते. कोडचा हक्क खरोखर त्यांच्याकडेच आहे, त्यात इतर कुणाचा कोड कुठल्या परवान्याखाली घेतलाय, आणि तुमच्या परवान्याशी ते जुळतं का, हे लेखी घ्या. अपाचेसारख्या संस्थेत अशा देणगीसाठी वेगळा करार करावा लागतो आणि हक्कांची छाननी झाल्याशिवाय कोड आत येत नाही. तुम्ही कुठल्या संस्थेखाली नसलात तरी तो शिरस्ता उचलण्यासारखा आहे. पेटंटचा प्रश्न वेगळा विचारा. अपाचे परवान्याच्या २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यासाठी स्वतंत्र कलम आहे. तुमच्या परवान्यात तसं नसेल तर कंपनीकडून तेवढं वचन लिहून घ्या. आणि कमिटचा पूर्ण इतिहास मागा. गुप्त माहिती असेल तर ती गाळून द्यावी, पण इतिहास द्यावा. हे मी अनुभवाने सांगतेय.

आता नावाबद्दल. तुम्ही पत्रात ते एका वाक्यात उरकलंत, पण माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे. वेब ॲप्लिकेशनच्या जगात स्ट्रट्स नावाचं फ्रेमवर्क (ॲप्लिकेशन उभं करायचा तयार सांगाडा) होतं, फार लोकप्रिय. २००५ च्या अखेरीस वेबवर्क या दुसऱ्या फ्रेमवर्कने त्यात यायचं ठरवलं आणि तोच कोड स्ट्रट्स २ झाला. त्याची सर्वसाधारण वापराची आवृत्ती २००७ च्या सुरुवातीला आली. कोड चांगला होता, लिहिणारी माणसं सोबत आली होती, दोन्ही गट राजी होते. तरीही ज्यांनी स्ट्रट्स १ वर ॲप्लिकेशन उभी केली होती त्यांच्यासाठी २ हा आकडा म्हणजे पुढची पायरी नव्हतीच. रचना वेगळी असल्याने बरंचसं नव्याने लिहावं लागणार होतं. अनेकांनी ते लिहिलं नाही. २०१३ मध्ये स्ट्रट्स १ ची मुदत संपल्याचं जाहीर झालं, तेव्हाही ते वापरणारे होतेच. ते आळशी होते असं मला वाटत नाही. त्यांना आकड्याने एक सांगितलं आणि कोडने दुसरंच मागितलं.

तुमच्याकडे तर आकडा आणखी धोक्याचा आहे. एखाद्या ग्रंथालयातला माणूस ४ वरून ५ वर जाईल, कारण पॅकेज मॅनेजर (प्रोग्रॅम अद्ययावत ठेवणारं साधन) त्याला तसं सुचवेल. त्याला ही देणगी, हा वाद, काहीच माहीत नसेल. सहा वर्षांपूर्वीचा बॅकअप उघडायला जाईल तेव्हा तो उघडला पाहिजे. आवृत्तीचा पुढचा आकडा म्हणजे त्याला दिलेला शब्द असतो, आणि तो शब्द पाळता येईल की नाही हे आज तुम्हालाही माहीत नाही आणि कंपनीलाही नाही.

ते कळण्याचा मार्ग आहे, आणि तो अगदी साध्या कामापासून सुरू होतो. तुमच्या पहिल्या आवृत्तीपासूनचे खरे बॅकअप गोळा करा: निरनिराळ्या यंत्रांवरचे, कूटबद्ध केलेले, मधेच तुटलेले, सगळे. सुरुवातीला देणगीतल्या कोडने ते फक्त वाचायला शिकावं. त्याने परत आणलेली प्रत्येक फाइल तुमच्या कोडने परत आणलेल्या फाइलीशी बाइट-बाइट जुळवा. मजकूर, वेळा, परवानग्या, लिंक, सगळं. हे जमेपर्यंत त्याला तुमच्या साठ्यात लिहू देऊ नका. मग इच्छुक लोकांच्या यंत्रांवर दोन्ही शेजारी शेजारी चालू द्या. ही कसोटी काय असेल, कुणी ठरवायचं, कधी थांबायचं, हे कोड आत येण्याआधी सहाही जणांनी मिळून लिहून काढा. नंतर लिहायला बसलात तर ज्याला जो निकाल हवा असेल तशी कसोटी तो सुचवेल. माणसाचं मनच तसं असतं.

मधला एक मार्गही असतो, आणि तो बऱ्याचदा विसरला जातो. २०११ साली आयबीएमने लोटस सिंफनी या ऑफिसच्या कामाच्या प्रोग्रॅमसंचाचा कोड अपाचे ओपनऑफिस या तशाच संचाला देऊ केला. सिंफनीचा जन्मच ओपनऑफिसच्या कोडमधून झालेला, पण वाटा वेगळ्या झालेल्या. सिंफनीलाच नवा पाया धरायचं की आपला पाया ठेवून तिच्यातलं चांगलं ते हळूहळू आणायचं, असा प्रश्न तिथे पडला. त्यांनी दुसरा रस्ता धरला. जुलै २०१३ मधल्या ४.० मध्ये सिंफनीतला साइडबार आला, आणि परवाना मोकळा असल्याने ओपनऑफिसमधूनच फुटलेल्या लिब्रेऑफिसलाही तो घेता आला. अर्थात कोडच्या देणगीने हात मिळत नाहीत हेही तिथेच दिसलं: ४.१ ही आवृत्ती २०१४ मध्ये आली, आणि त्यानंतर दहा वर्षं उलटली तरी मालिका ४.१ चीच राहिली. तुम्हीही बघा, त्यांच्या कोडचा वेग नेमका कुठून येतो. फाइलीचे तुकडे पाडण्याची पद्धत? एकाच वेळी अनेक धागे (समांतर कामं) चालवणं? तेवढा भाग तुमच्याकडे आणता येत असेल तर वर्षभरातच लोकांना फायदा मिळेल, कुणालाही काही न बदलता.

तुमच्या माणसांबद्दल. जो फोर्क काढीन म्हणतोय, त्याच्याशी सगळ्यांसमोर बोलू नका, एकट्याला फोन करा. फोर्क काढणं हा त्याचा हक्क आहे आणि काही वेळा त्यातून भलंही झालंय. जीसीसी या कंपायलरचा (कोडचं यंत्राला चालवता येईल असं रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमचा) ईजीसीएस हा फोर्क १९९७ साली वेगळा झाला आणि १९९९ मध्ये तोच अधिकृत जीसीसी ठरला. पण तो हे आत्ता म्हणतोय ते भीतीने म्हणतोय असं मला वाटतं. त्याला विचारा, नेमकं काय हरवेल असं वाटतंय. कदाचित वर मी जी कुरूप ओळींची यादी दिली त्यातल्या निम्म्या त्यानेच लिहिल्या असतील. जुन्या बॅकअपची कसोटी बांधायचं काम त्यालाच द्या. त्याच्याइतकं निर्दय दुसरं कुणी असणार नाही, आणि इथे निर्दयच माणूस हवा.

आणि ज्या दोघांना ही संधी वाटते, त्यांचं ऐकून घ्या. नोकरी सांभाळून अकरा वर्षं ओढलेल्या प्रकल्पात चार पूर्णवेळ माणसं येणार म्हटल्यावर कुणाचाही जीव भांड्यात पडेल. त्यांचा थकवा खरा आहे. नव्या नावाखालच्या कोडची जबाबदारी त्यांनी घ्यावी. त्यात हार नाही, आणि ते यशस्वी झाले तर तुम्ही मोकळ्या मनाने त्यांना जागा द्याल, हे आजच सगळ्यांसमोर बोलून ठेवा.

राहता राहिला तुमचा अहंकार. तो कोड तुमच्यापेक्षा चांगला लिहिलाय हे वाक्य तुम्ही स्वतःच्या हाताने एका अनोळखी बाईला लिहून पाठवलंत. अहंकाराने आंधळं झालेलं माणूस असं लिहीत नाही. तुम्हाला दुःख होतंय, आणि ते साहजिक आहे. ज्या कोडच्या ओळी डोळे मिटूनही आठवतात तो कुणीतरी 'देखभालीपुरता' म्हणून एका शब्दात गुंडाळला. त्या दुःखाला जागा द्या, घरच्या माणसांशी बोला, चार दिवस कंप्युटर बंद ठेवा. आणि एक कसोटी स्वतःसाठी ठेवा: देणगीतला कोड सगळ्या जुन्या बॅकअपच्या परीक्षेत उतरला, माणसं टिकली, तर तुम्ही स्वतः त्याला मुख्य आवृत्ती करायचा ठराव मांडाल का? याला मनातून 'हो' आलं तर आज अट नाकारताना डोळ्याला डोळा भिडवून नाकारा. 'नाही' आलं तर मेंटेनरपद दुसऱ्या कुणाला देण्याचा विचार करा, आणि तुमच्या आवडीचा एखादा कोपरा स्वतःकडे ठेवा. दोन्हीत कमीपणा नाही.

कंपनीला काय लिहावं असा प्रश्न पडेल, म्हणून मसुदा देते. हवा तसा बदला:

«तुमच्या प्रस्तावाबद्दल मनापासून आभार. आम्ही कोड वाचला, तो उत्तम आहे, आणि आम्हाला तो हवा आहे. मात्र आमची पुढची आवृत्ती म्हणून तो काढण्याचं वचन आम्ही देऊ शकत नाही. ज्यांचे बॅकअप आमच्या प्रणालीने घेतलेले आहेत त्यांना ते परत मिळतील याची खात्री होण्याआधी असं वचन देणं योग्य होणार नाही. आमचा प्रस्ताव असा: हा कोड आमच्याच प्रकल्पात, स्वतंत्र नावाने, १.० पासून सुरू व्हावा. तुमच्या इंजिनिअरांचं स्वागत आहे. त्यांना आमचेच नियम लागू राहतील. कमिटचा इतिहास, हक्कांबद्दलचं आणि पेटंटबद्दलचं लेखी वचन सोबत मिळावं. जुने बॅकअप वाचण्याची कसोटी आम्ही सगळ्यांना बघता येईल अशी मांडू. ती पार झाल्यावर मुख्य आवृत्तीचा प्रश्न आम्ही स्वतः पुन्हा उघडू.»

हे वाचून ते निघून गेले, तर त्यांना तुमचं नाव हवं होतं, कोडसाठी घर नको होतं, हे तुम्हाला महिनाअखेरीलाच कळेल. माझ्या वेळी ते कळायला वर्ष लागलं. राहिले, तर पहिल्याच आठवड्यात त्यांच्यातल्या एकाला आणि तुमच्या फोर्कवाल्या मित्राला एकत्र बसवा, तुमच्याकडचा सगळ्यात जुना बॅकअप द्या आणि तो त्यांच्या कोडने उघडायला सांगा. काय झालं ते मला जरूर कळवा.